काम वाटता येतं, भरवसा वाटता येत नाही: महासंगणक, क्लाउड आणि पावसाचा अंदाज

या व्याख्यानमालेचं आजचं पुष्प जरा वेगळ्या विषयावर आहे. महासंगणक, समांतर संगणन आणि क्लाउड हे शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने यावर का बोलावं, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्तच आहे. पण या यंत्रांनी एक फार जुना प्रश्न आपल्यापुढे नव्याने आणून ठेवला आहे: जे आपण स्वतः तपासू शकत नाही, त्यावर विश्वास कशाच्या आधारे ठेवायचा? हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून आज एकच उदाहरण धरून चालू, पावसाच्या अंदाजाचं. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, पेरणी केली आणि मग पंधरा दिवस आभाळ कोरडं राहिलं, तर दुबार पेरणीचा खर्च कुणाच्या डोक्यावर येतो हे आपल्याला सांगायला नको. म्हणजे हे गणित कुणाच्या तरी बियाण्याचं आणि कर्जाचं आहे.

सुरुवात शंभर वर्षं मागे जाऊन करू. लुईस फ्राय रिचर्डसन नावाचा एक इंग्रज गणिती होता. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये जखमींची गाडी चालवत असे, आणि मिळेल त्या वेळात हवामानाचं गणित हाताने सोडवत असे. २० मे १९१० या दिवसाची जुनी निरीक्षणं घेऊन फक्त सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल, एवढंच त्याला काढायचं होतं. त्याला जवळजवळ सहा आठवडे लागले आणि उत्तर साफ चुकलं. पण १९२२ साली आलेल्या पुस्तकात त्याने एक कल्पना मांडली. एक प्रचंड गोल सभागृह, त्याच्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा आणि त्यात बसलेली ६४,००० माणसं. प्रत्येकाकडे नकाशाचा एक तुकडा. प्रत्येक जण आपल्या तुकड्याचं गणित करतो आणि आपले आकडे शेजाऱ्यांना दाखवतो, कारण वारा काही सीमारेषा पाहून थांबत नाही. मधोमध उंच चौथऱ्यावर एक प्रमुख. जो भाग पुढे पळतो त्यावर तो गुलाबी प्रकाश टाकतो, जो मागे पडतो त्यावर निळा.

मंडळी, आजचा प्रत्येक महासंगणक म्हणजे हेच सभागृह आहे. माणसांच्या जागी प्रोसेसर आले, कागदाच्या जागी तारा आल्या. कामाचे तुकडे करणं, शेजाऱ्याशी बोलणं आणि मागे पडलेल्याची वाट पाहणं या तिन्ही गोष्टी जशाच्या तशा राहिल्या.

एक गडी की अनेक गडी?

मधल्या काळात संगणकशास्त्राला वाटणीची फारशी गरज वाटत नव्हती. एकच प्रोसेसर दर एक-दोन वर्षांनी वेगवान होत होता. थांबलं की काम होत होतं! साधारण २००५च्या सुमारास हे थांबलं. चिपवरचे घटक लहान होत राहिले, पण वेग आणखी वाढवला तर उष्णता आवरेना. आज आपल्या टेबलावरच्या संगणकाचा ठोका सेकंदाला तीन-चार अब्जांच्या आसपास आहे. वीस वर्षांपूर्वीही तो जवळपास तेवढाच होता. मग कंपन्यांनी दुसरा मार्ग धरला. एक गडी जास्त धावत नसेल, तर गडी वाढवा. आपल्या खिशातल्या मोबाइलमध्येही आज सहा-आठ कोअर असतात, ते त्यामुळे.

पुण्याला ही गोष्ट आधीच कळली होती, आणि तीही अडचणीतून. १९८०च्या दशकात भारताला अमेरिकेकडून क्रे कंपनीचा मोठा महासंगणक हवा होता. तो नाकारण्यात आला. हवामानाच्या कामासाठी त्याहून लहान मॉडेल अटींसह दिल्लीला मिळालं. १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने १९९१मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. त्यात एकच बलदंड प्रोसेसर नव्हता, तर ट्रान्सप्युटर नावाच्या साध्या, एकमेकांशी बोलू शकणाऱ्या चिपा जोडलेल्या होत्या. पुढे १९९४मध्ये नासातल्या दोन शास्त्रज्ञांनी सोळा साधे संगणक जोडून ‘बेओवुल्फ’ केला, त्यामागचा विचारही हाच होता. जे तेव्हा गरजेपोटी केलं, तो आज सगळ्या जगाचा राजमार्ग झाला आहे.

आता हा मार्ग कुठवर आलाय ते पाहा. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त संख्यांची नावं परार्धापाशी संपतात. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. २०२२ साली अमेरिकेच्या ‘फ्रंटिअर’ने सेकंदाला दहा परार्ध गणिती क्रियांचा टप्पा ओलांडला. यालाच एक्साफ्लॉप म्हणतात. नोव्हेंबर २०२४च्या जागतिक यादीत ‘एल कॅपिटन’ पहिला आला, १.७४२ एक्साफ्लॉप्सचा. त्यात १ कोटी १० लाखांहून अधिक कोअर आहेत आणि तो सुमारे ३० मेगावॉट वीज खातो. आपल्याकडे पुण्याच्या पाषाण भागातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत ‘अर्क’ हा ११.७७ पेटाफ्लॉप्सचा संगणक २०२४मध्ये सुरू झाला. त्याचा जोडीदार ‘अरुणिका’ नोएडात आहे. हजार पेटाफ्लॉप्सचा एक एक्साफ्लॉप होतो. म्हणजे आपण शर्यतीत पुढे नाही, पण मैदानात आहोत.

वाटणीची किंमत

आता खरा प्रश्न. गडी हजारपट केले तर काम हजारपट लवकर होतं का? होत नाही. जीन ॲमडाल यांनी १९६७ सालीच हे दाखवून दिलं. लग्नघरातला स्वयंपाक घ्या. समजा एकट्या माणसाला १०० तास लागतील असं काम आहे. त्यातले ९५ तास भाजी निवडणं, चिरणं, पोळ्या लाटणं असं वाटून देता येणारं काम आहे. उरलेले ५ तास मात्र एकाच आचाऱ्याने एकाच पातेल्यासमोर उभं राहायचं काम आहे. हजार माणसं बोलावलीत तरी ते पाच तास पाचच राहतात. एकूण फायदा वीसपटीच्या पुढे कधीच जाणार नाही. न वाटता येणारा छोटासा भागच शेवटी सगळ्याचा वेग ठरवतो.

दुसरी किंमत बोलण्याची. हवामानाच्या मॉडेलमध्ये प्रत्येक पावलाला शेजारच्या तुकड्याचे आकडे लागतात. ते येईपर्यंत थांबावं लागतं. हजारोंमधला एक जण रेंगाळला, तर सगळे रेंगाळतात. रिचर्डसनचा निळा दिवा आठवा. आजच्या यंत्रांत बेरीज-गुणाकार स्वस्त झालेत. आकडा एका जागेहून दुसऱ्या जागी नेणं हेच महाग पडतं, वेळेलाही आणि विजेलाही.

तिसरी किंमत मात्र आम्हा तत्त्वज्ञानाच्या लोकांना जास्त विचारात पाडते. बेरीज कोणत्या क्रमाने केली यावर उत्तर अवलंबून असावं का? शाळेत शिकलो की नसावं. पण यंत्र मोजकेच अंक सांभाळतं. एक कारकून धरा, ज्याला फक्त तीनच अंक धरता येतात. आकडा हजारात गेला की तो जवळच्या दशकावर आणून ठेवतो. त्याने १०००मध्ये ४ मिळवले, १००४ झाले, त्याने १००० लिहिले. असं दहा वेळा केलं तरी त्याच्या वहीत १०००च. आता उलट करा. आधी दहा चोक चाळीस, मग १००० अधिक ४० म्हणजे १०४०. आकडे तेच, क्रम बदलला आणि उत्तर बदललं. खरं यंत्र तीन नव्हे, पंधरा-सोळा अंक धरतं, म्हणून फरक अगदी बारीक असतो. पण लाखो कोअरमध्ये कुणाचं उत्तर आधी पोचेल हे दरवेळी सारखं नसतं. म्हणून तेच यंत्र, तोच प्रोग्राम, तेच आकडे असूनही शेवटचे अंक वेगळे येऊ शकतात.

बारीक फरकाने काय बिघडतं? १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ यांनी हवामानाचं एक छोटं मॉडेल मधूनच पुन्हा सुरू केलं. ०.५०६१२७ऐवजी कागदावर छापलेले ०.५०६ एवढेच त्यांनी भरले. थोड्या वेळाने दोन्ही गणितांचं हवामान पूर्ण वेगळं झालं. म्हणजे अडचण यंत्राची कमी आणि वातावरणाच्या स्वभावाची जास्त आहे. तिथे इवलासा फरक वाढत जातो.

यावर शास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा मोठा शहाणपणाचा आहे. एकच अंदाज देण्याऐवजी किंचित वेगवेगळ्या सुरुवाती घेऊन अनेक अंदाज काढायचे. पुण्याच्या संस्थेने विकसित केलेल्या प्रणालीत २०१८पासून १२ किलोमीटरच्या चौकोनांवर २१ सुरुवाती घेतल्या जाऊ लागल्या. २१पैकी १७ म्हणाले पाऊस, तर आपण म्हणतो शक्यता मोठी. ११ म्हणाले पाऊस आणि १० म्हणाले नाही, तर प्रामाणिक उत्तर एकच: आज नक्की सांगता येत नाही. मे २०२५मध्ये ‘भारत फोरकास्टिंग सिस्टिम’ सुरू झाली, तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. १२वरून ६ हे ऐकायला निम्मं वाटतं. पण लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट चौकोन, आणि काळाची पावलंही निम्मी घ्यावी लागतात. म्हणजे काम ढोबळमानाने आठपट. गावाच्या जवळ जायचं तर इतकी किंमत पडते.

क्लाउड: आभाळात काही नाही

क्लाउड या शब्दाने फार घोटाळा केलाय. आभाळात काहीच नसतं. मुंबईत, हैदराबादेत किंवा आणखी कुठेतरी एक वातानुकूलित इमारत असते, तिथे हजारो सर्व्हर असतात, वीज असते, पाणी असतं आणि वीजबिल येतं. आपण तिथला थोडा वेळ भाड्याने घेतो. ॲमेझॉनने २००६मध्ये साठवण आणि संगणन असं भाड्यावर द्यायला सुरुवात केली. लग्नाला मांडव भाड्याने आणतात, कुणी विकत घेत नाही. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या गोष्टीसाठी भाडं हाच शहाणपणा. एखाद्या लहान महाविद्यालयातली संशोधक मुलगी आज शंभर प्रोसेसर तीन तास घेऊ शकते, हे तीस वर्षांपूर्वी स्वप्नातही नव्हतं.

कोणतं काम क्लाउडवर चांगलं चालतं? ज्या तुकड्यांना एकमेकांशी बोलावं लागत नाही ते. आत्ताच पाहिलेल्या २१ सुरुवाती एकमेकींची वाट पाहत नाहीत, त्या वेगवेगळ्या ठिकाणी चालवता येतात. पण एकाच अंदाजातले शेजारी तुकडे सतत बोलतात. त्यांना खास वेगवान जोडणी लागते. म्हणून बरीच वर्षं महासंगणक वेगळा आणि क्लाउड वेगळा, असं होतं. ती भिंत आता पडू लागली आहे. नोव्हेंबर २०२३च्या जागतिक यादीत तिसऱ्या क्रमांकावर मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधला ‘ईगल’ होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मागणीमुळे भाड्याच्या इमारतींतही आता महासंगणक उभे राहत आहेत.

पण भाड्याच्या घराची एक गोष्ट असते, किल्ली मालकाकडेही असते. २० ऑक्टोबर २०२५, ऐन दिवाळीत, आपल्याकडे दुपारी ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या केंद्रात बिघाड झाला आणि जगभरातली अनेक ॲप्स तासन्‌तास अडली. कारण काय होतं? कंपनीने नंतर सविस्तर सांगितलं, आणि ते आजच्या विषयाशी थेट जोडलेलं आहे.

एक साधं उदाहरण आधी घेऊ. नवरा-बायकोच्या जोडखात्यात १००० रुपये आहेत. दोघं एकाच क्षणी दोन शाखांत गेले. दोन्ही कारकुनांनी वहीत १००० वाचले. एकाने २०० मिळवून १२०० लिहिले. दुसऱ्याने ३०० मिळवून त्यावर १३०० लिहिले. दोनशे रुपये गायब! चोरी कुणी केली नाही, दोघांनीही आपलं काम चोख केलं. चूक दोघांच्या मधल्या वेळेत झाली. संगणकशास्त्रात याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात, आणि खऱ्या बँका हे टाळण्यासाठी खात्याला तेवढ्यापुरतं कुलूप घालतात. त्या दिवशी ॲमेझॉनच्या व्यवस्थेत असेच दोन स्वयंचलित कारकून होते. काम होतं इंटरनेटवरच्या पत्त्यांची नोंद अद्ययावत ठेवण्याचं. एक रेंगाळला आणि त्याने जुनी यादी नव्या यादीवर चढवली. दुसऱ्याने जुन्या याद्या साफ करताना तीही पुसली. एका महत्त्वाच्या सेवेचा पत्ताच कोरा झाला. एवढ्या मोठ्या यंत्रणेला निळा दिवा लावणारं कुणी त्या क्षणी नव्हतं.

यावरून क्लाउड वाईट, असं आपण म्हणणार नाही. स्वतःच्या तळघरातला सर्व्हर त्याहून जास्त वेळा बंद पडतो. मुद्दा इतकाच की काम आपण भाड्याच्या जागी पाठवू शकतो. ते अडलं तर उत्तर कुणी द्यायचं, हा प्रश्न मात्र आपल्याच घरी राहतो.

भूयोदर्शन आणि उपाधी

शेवटचा टप्पा कृत्रिम बुद्धिमत्तेचा. २०२३मध्ये गूगल डीपमाइंडने ‘ग्राफकास्ट’ हे मॉडेल प्रसिद्ध केलं. दहा दिवसांचा जागतिक अंदाज ते एका यंत्रावर मिनिटभराच्या आत देतं. हवेच्या हालचालीची समीकरणं ते सोडवत नाही. जुन्या हवामानाच्या नोंदी पाहून पाहून ते शिकलेलं आहे. २०२५च्या खरिपात कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलांच्या आधारे १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोसमी पावसाच्या आगमनाचे अंदाज मोबाइल संदेशाने पाठवले. ही छोटी गोष्ट नाही.

मग महासंगणक मोडीत काढायचे का? तर नाही. ही मॉडेलं ज्या नोंदींवर शिकली, त्या नुसत्या निरीक्षणांच्या नोंदी नाहीत. १९७९पासूनच्या सुमारे चाळीस वर्षांचं हवामान आधी महासंगणकांवर, समीकरणांच्या मदतीने पुन्हा रचलं गेलं, आणि ते या मॉडेलांना शिकवलं गेलं. आज स्वस्तात मिळणाऱ्या मिनिटामागे अनेक वर्षांचं महागडं गणित उभं आहे.

इथे आम्हाला न्यायदर्शन आठवतं. कारणावरून कार्याचं जे अनुमान, त्याचं वात्स्यायनांनी दिलेलं उदाहरण योगायोगाने पावसाचंच आहे: ढग दाटून आले, म्हणजे पाऊस पडणार. समीकरणांचं मॉडेल हे या जातीचं. त्यात कारण कुठे आणि कार्य कुठे हे दाखवता येतं. शिकलेलं मॉडेल दुसऱ्या जातीचं. नैयायिक ज्याला भूयोदर्शन म्हणतात, म्हणजे पुनःपुन्हा एकत्र पाहिल्यामुळे बांधलेला संबंध, तेच ते करतं. आणि भूयोदर्शनाला नैयायिकांनी एक इशारा देऊन ठेवलाय, उपाधीचा. अग्नी आहे म्हणजे धूर असणारच, असं म्हणता येत नाही, कारण धुराला सरपण ओलं असावं लागतं. ओलं सरपण ही लपलेली अट आहे. चाळीस वर्षं ओलंच सरपण पाहिलेला माणूस म्हणेल, अग्नी तिथे धूर. सरपण वाळलं की त्याचा नियम मोडतो. गेल्या चाळीस वर्षांचं हवामान ही या मॉडेलांची लपलेली अट आहे. हवामानच बदलत असताना ती अट तपासत राहणं भाग आहे.

सेकंदाला परार्धांनी होणारं गणित शेतकरी तपासू शकत नाही. आपणही नाही, आणि खुद्द शास्त्रज्ञही पायरी-पायरीने नाही. म्हणजे आपल्यापुरता तो अंदाज अनुमान उरत नाही, तो शब्दप्रमाण होतो. आणि शब्दप्रमाणाला आप्त लागतो. आज मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. शास्त्रात आप्त म्हणजे ज्याने गोष्ट नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. यंत्राला इच्छा नसते. म्हणून यंत्र आप्त होऊ शकत नाही. आप्त व्हायचं ते त्यामागच्या संस्थेला.

२०१७ साली बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी चुकलेल्या अंदाजाबद्दल हवामान खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. पुष्कळांनी ती हसण्यावारी नेली. आपण नेऊ नये. त्या शेतकऱ्यांनी विचारलेला प्रश्न बरोबर होता: तुमच्या शब्दावर आम्ही पेरलं, आता उत्तर कोण देणार? त्याचं उत्तर पोलिस ठाण्यात मिळणार नाही, हे खरं. पण ते कुठे मिळेल, हे सांगणं संस्थेचं काम आहे.

तेव्हा यापुढे आपल्या मोबाइलवर असा कुठलाही अंदाज आला, तर तीन प्रश्न विचारावेत. हा एक अंदाज आहे की अनेकांचा मेळ, आणि शक्यता किती सांगितली आहे? मागच्या वर्षी हेच सांगणारे कितीदा बरोबर आले, हे त्यांनी उघड केलंय का? आणि चुकलं तर कुणाशी बोलायचं? या तिन्हींची उत्तरं देणारी संस्था आप्त मानायला हरकत नाही, मग तिचं यंत्र स्वतःचं असो की भाड्याचं. आणि शेतकऱ्याने तरीही ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस जमिनीत मुरल्याशिवाय पेरणीची घाई करू नये, हा कृषी खात्याचा जुना सल्ला कुठल्याही एक्साफ्लॉपने रद्द झालेला नाही.

ॲमडाल यांनी दाखवलेला तो न वाटता येणारा भाग यंत्रात असतो, तसाच समाजातही असतो. एक कोटी कोअरमध्ये काम वाटलं, तरी ‘हे मी सांगितलं आणि याचं उत्तर मी देईन’ असं म्हणणारं कुणीतरी एक लागतंच. पुढच्या वेळी न्यायदर्शनातल्या शब्दप्रमाणाकडेच सविस्तर वळू. आजच्या विषयावरचे प्रश्न जरूर लिहून पाठवा, पुढच्या पुष्पाच्या सुरुवातीला ते घेऊ.